प्रिंटरच्या फोल्डरमधले श्वास

मी हार्ड डिस्क बोलतेय. खरं म्हणजे तिचं जे काही उरलंय ते बोलतंय. माझ्या पोटातलं लोहचुंबक फ्रिजच्या दारावर शाळेचं वेळापत्रक धरून उभं आहे. आणि जिला खऱ्या अर्थाने ‘मी’ म्हणावं ती माझी तबकडी एका लहान मुलीच्या खेळण्यांच्या डब्यात आहे. एका बाजूला एक डोळा गेलेलं अस्वल, दुसऱ्या बाजूला बिनझाकणाची किटली. अस्वल स्वभावाने बरं आहे, पण त्याला काही सांगायला जावं तर ते आपल्याच डोळ्याचं रडगाणं सुरू करतं. म्हणून तुम्हाला सांगते.

माझा जन्म झाला त्या खोलीत माणसांना मोकळा श्वास सोडायची मनाई होती. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे, हातात मोजे, नाका-तोंडावर फडकं. एवढा सोहळा कशासाठी, तर माझी तबकडी आरशासारखी लख्ख, आणि तिच्यावरून एक बारीक दांडी फिरणार, तीसुद्धा न टेकता, पुसटशा हवेवर तरंगत. मध्ये धुळीचा कण आला किंवा कुणाच्या श्वासाची वाफ बसली की खेळ खलास. म्हणून मला घट्ट बंद केलं, वर ‘उघडू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली. फक्त झाकणावर टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक ठेवलं आणि त्याच्याशेजारी लिहिलं, ‘हे झाकू नये’. त्या भोकातून मी श्वास घेते. हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. आधीच सांगून ठेवते, कारण पुढची सगळी गोष्ट श्वासांचीच आहे.

तर मी एका कॉम्प्युटरच्या पोटात बसून या घरात आले. घरात दोघंच होती. तो सकाळी डबा घेऊन ऑफिसला जायचा आणि ती घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांच्या चुका ती चटकन पकडायची, पण स्वतःच्या एका साध्या निरोपावर तिचा विश्वास नसायचा. तोही तीनदा वाचून पाठवायची आणि पाठवल्यावर चौथ्यांदा वाचायची. तपासलेली फाइल माझ्याकडे ठेवताना तिची एक प्रत इथे, एक तिथे, आणि एक ‘असू दे’ नावाच्या फोल्डरमध्ये. दुसरी कुणी डिस्क असती तर वैतागली असती. मला बरं वाटायचं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सोपवावी इतका विश्वास कोण कुणावर टाकतं?

मग मुंगी आली.

मुंगी म्हणजे त्यांची मुलगी. ठरल्या वेळेच्या बरीच आधी आली आणि इतकी एवढीशी होती की बापाने तिला हातात घेण्याआधीच नाव ठेवलं. पहिले काही आठवडे ती दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. तिथे एक यंत्र तिच्या प्रत्येक श्वासाला टिक् करायचं. आईला त्या टिक्‌टिकीचीच सवय झाली. मुंगीला घरी आणलं आणि यंत्र तिकडेच राहिलं. घरात शांतता पसरली, आणि ती शांतता या बाईला खायला उठली.

दुपारी मुंगी झोपली की ती पाळण्यात वाकून बघत राही. छाती हलतेय का? हलली. परत हलली का? शेवटी तिने एक युक्ती काढली. फोन पाळण्याच्या कडेला ठेवायचा आणि श्वासांचा आवाज भरून घ्यायचा. मग टेबलाशी बसून मुद्रितं तपासता तपासता तोच आवाज कानाला लावून ऐकायचा. आजचा कालच्यासारखा आहे ना? मध्येच शिट्टी वाजल्यासारखं होतंय ते काय? फोन भरला की सगळे श्वास माझ्याकडे यायचे.

मी आजवर काय काय साठवलंय! लग्नाचे फोटो, विजेची बिलं, कुणाचे तरी हजार पानांचे ग्रंथ. पण ते श्वास आले तेव्हा मी प्रथमच सावरून बसले. माझ्या जन्माच्या खोलीत ज्याला बंदी होती, तेच कुणीतरी माझ्या हवाली करत होतं.

एके दिवशी नवऱ्याने पाहिलं.

“हे काय ऐकतेस?”

“मुंगी.”

“मुंगी तर आत झोपलीय.”

“तीच.”

तो शेजारी बसला. चांगला माणूस आहे, चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, असं मला नंतर अनेकदा वाटलं.

“डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? बाळाकडे बघा, श्वास मोजत बसू नका. अगं, तू आजारी पडशील अशाने. आजपासून हे बंद. शपथ घे.”

“कुणाची?”

“माझी घे. मी मजबूत आहे.”

तिने हसून शपथ घेतली. आणि दुसऱ्या दुपारी फोन पुन्हा पाळण्याच्या कडेला.

आता प्रश्न होता तो लपवायचा कुठे. नवऱ्याला माझी आवराआवर करायची हौस. सुट्टी आली की तो एकेक फोल्डर उघडून नको ते काढून टाकायचा. तिने खूप विचार केला आणि प्रिंटरच्या फोल्डरमध्ये, आतल्या आत, आणखी आत एक जागा शोधली. प्रिंटरने कधीच मान टाकली होती आणि त्यावर आता इस्त्रीचे कपडे ठेवत. त्याच्या फोल्डरमध्ये कोण कशाला डोकावतंय? बायका डाळीच्या डब्यात तळाशी पुरचुंडी लपवतात ना, तसं. त्या पुरचुंडीची राखणदार मी. जगात दोघींनाच माहीत होतं, तिला आणि मला. माझ्यासारखीला याहून मोठा मान कोणता?

दोन वर्षं श्वास येत राहिले. आधी नुसतेच. मग त्यात शिट्टी, मग खोकला, मग झोपेतलं चुरुचुरु दूध पिणं. मग एका दुपारचं ते शेवटचं. सुरुवातीला सगळं शांत, आणि एकदम मुंगीचा आवाज: “मी झोपले नाहीये.” आणि त्यावर आईचं हसणं. फोन हातातून पडेपर्यंत हसली होती ती. त्यानंतर एकही श्वास आला नाही. जिला ‘झोपले नाहीये’ म्हणता येतं तिच्यावर पहारा काय ठेवायचा!

ती भीती माझ्याकडे ठेवून ती मोकळी झाली. ठेव म्हणून ठेवली असेल, असं मी समजत होते.

इकडे मी थकले. हे मी नाकारत नाही. सुरू व्हायला वेळ लागू लागला. मोठी फाइल उघडायला सांगितली की पडद्यावर ते गोल चक्र फिरत राही आणि तेवढ्यात तिच्या मुंगीच्या कपड्यांच्या घड्या घालून व्हायच्या. त्या घरातले कपडे वेळच्या वेळी घडी होऊन कपाटात जात होते ते माझ्यामुळे. पण श्रेय कोण देतंय?

मग चर्चा सुरू झाली. नवी डिस्क घ्यायची की नाही?

तिच्या मोठ्या बहिणीने फोनवर एका वाक्यात निकाल दिला. “बदल गं. मी नवरा सोडून सगळं बदललं, काही बिघडलं नाही.” पण ही बाई एका वाक्यावर कशी थांबेल? ती वाचायला बसली. नव्या डिस्क कशा असतात, किती टिकतात, कोणती घेतली की पस्तावायला होतं. हे सगळं ती वाचत होती कुणाच्या जिवावर? माझ्याच. तिने पाहिलेलं प्रत्येक पान, प्रत्येक चित्र आधी माझ्या पोटात उतरणार. माझ्या सवतीचे फोटो मीच जपून ठेवत होते, आणि उशीर झाला की बोलणीही मीच खात होते.

तिचा धाकटा दीर कॉम्प्युटरमधला जाणकार. एका दुपारी जेवायला आला तेव्हा विषय निघाला.

“वहिनी, तुमचा कॉम्प्युटर धडधाकट आहे. फक्त ही डिस्क म्हातारी झालीय. एसएसडी टाका, नव्या जातीची डिस्क. बटण दाबून खुर्चीत बसेपर्यंत चालू.”

“पण भावजी, ती बंद पडते तेव्हा कशी पडते?”

“कशी म्हणजे?”

“म्हणजे आधी कळतं का?”

“नाही बुवा. तिच्यात फिरणारं काही नसतंच. गपकन जाते. काल होती, आज नाही.”

“मग नको.”

“अगं, मग दुसरीकडे प्रत ठेवायची,” नवरा म्हणाला.

“ही निदान कुरकुरते. आवाज आला की मला कळतं, आहे म्हणून. गुपचूप जाणाऱ्यांची मला भीती वाटते.”

दोघे भाऊ एकमेकांकडे बघून हसले. मी मात्र त्या दिवशी आनंदाने आणखी कुरकुरले. एखादीला तिच्या खोडीसकट कुणी हवंसं म्हणावं, हे सुख म्हाताऱ्या डिस्कांच्या नशिबी फार नसतं.

ते टिकलं नाही. मुंगी चार वर्षांची झाली आणि तिला खोकला झाला. तिच्या लहानपणापासूनच्या डॉक्टरीणबाई त्या दिवशी पडद्यावरून बोलणार होत्या. त्या म्हणाल्या, “हे बघा, सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे...” आणि तोंड उघडं ठेवून तशाच थिजल्या. चक्र फिरू लागलं. खरं सांगू? त्या क्षणी कॉम्प्युटरने स्वतःचीच कसलीशी सुधारणा माझ्यावर आणून ओतली होती. एक काम करू की शंभर? पण माझी बाजू कोण मांडणार? ती खुर्चीतून उठली. कॅबिनेटवर तळहाताने जोरात थाप मारली.

“मर एकदाची! म्हणजे मी सुटेन!”

थापेचं दुःख नाही. थापा मी खाल्ल्यात. शब्दाचं आहे. कुणाचा श्वास थांबेल की काय या भीतीने जिने दोन वर्षं काढली, तिने तो शब्द माझ्यासाठी इतका सहज काढला.

त्याच आठवड्यात भावजी एक छोटासा खोका घेऊन आले. माझी सवत आत होती, एखाद्या बिस्किटाएवढी. ना आवाज, ना वजन. कॅबिनेट उघडलं, तिला शेजारी बसवलं आणि माझ्यातलं सामान तिकडे हलवायला सुरुवात झाली.

“वहिनी, काय काय घ्यायचं? कामाच्या फाइली, फोटो, बिलं...”

“हो. आणि ‘असू दे’ नावाचं एक फोल्डर आहे, तेही असू दे.”

“हे काय, प्रिंटरचं फोल्डर केवढं फुगलंय! काय आहे यात?”

मी फिरता फिरता थबकले असते, थबकता आलं असतं तर. नवरा मागे उभा होता. मुंगी त्याच्या खांद्यावर.

“काय असणार,” ती म्हणाली. “प्रिंटरचंच असेल.”

“प्रिंटर चालू आहे?”

“छे! इस्त्रीचे कपडे ठेवतो त्यावर,” नवरा म्हणाला.

“मग नव्या घरात भंगार कशाला? राहू दे इथेच. ही डिस्क आपण फेकत नाही आहोत, लागलं तर काढू.”

“राहू दे,” ती म्हणाली.

मी तिला तेव्हा माफ केलं. मनात म्हटलं, दिरासमोर, नवऱ्यासमोर कशी बोलणार बिचारी? शपथ मोडली हे कबूल करावं लागेल, आणि वर दोघे मिळून हसतील. ती मागाहून येईल. एकटी असताना येईल.

मला टेबलाच्या खणात ठेवलं. सोबतीला कोरडी पेनं, कशाच्या तरी वायरी आणि ताणून सैल झालेले रबर. बाहेर सवतीचा संसार सुरू झाला. बटण दाबलं की चालू. चक्र नाही, कुरकुर नाही. कपड्यांच्या घड्या मात्र खुर्चीवर साचत राहिल्या, हे मी खणाच्या फटीतून पाहिलं आणि मला, खोटं कशाला बोलू, थोडं बरं वाटलं.

एकदा ती आली. खण उघडून मला हातात घेतलं. तिचा अंगठा नेमका त्या भोकावर पडला. तशीच उभी राहिली. मला जोडायची वायर भावजींकडे होती. वायर मागायची तर कशाला हवी ते सांगायला हवं. तिने नंतर बघू म्हणून मला परत ठेवलं. ती मनाशी काय म्हणत होती ते मला कळत होतं: आता मी तशी राहिले नाही, आता मला त्यांची गरज नाही. गरज नसेलही. पण गरज संपली म्हणून ठेवही नाकारायची असते का?

मग शाळेला सुट्टी लागली. पावलं वाजत आली आणि मुंगीचा आवाज आला.

“बाबा, कॉम्प्युटरच्या पोटात काय असतं?”

“थांब, दाखवतो.”

खण उघडला. मला जमिनीवर वर्तमानपत्रावर ठेवलं. भावजींची स्क्रू ड्रायव्हरची पेटी घरातच होती. त्यात माझ्या चांदणीच्या आकाराच्या स्क्रूला लागणारं टोकही होतं. बाबाने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली.

“अगं, ही जुनी डिस्क लागणार नाही ना? उघडतोय आम्ही!”

आत नळ चालू होता. तो बंद झाला.

ती दारात आली. हात ओले. मुंगी दोन्ही मुठींत स्क्रू ड्रायव्हर धरून माझ्यावर वाकली होती, जीभ बाहेर काढून.

“काही राहिलंय का हिच्यात?” नवऱ्याने विचारलं. अगदी साधेपणाने विचारलं. त्याच्या मनात काहीही नव्हतं.

तिने माझ्याकडे पाहिलं. नुसतं ‘थांबा’ म्हटलं असतं तरी पुरे होतं. कारण नंतर सांगता आलं असतं. तिने ओले हात कुर्त्यालाच पुसले. एकदा पुसले, परत पुसले.

“नाही,” ती म्हणाली. “काही नाही.”

मग दोन पावलं पुढे येऊन म्हणाली, “सांभाळून गं मुंगे, बोट कापेल.”

बोटाची काळजी होती.

‘उघडू नये’ची चिठ्ठी फाटली. स्क्रू एकेक करून निघाले. झाकण उचललं आणि जन्मल्यापासून प्रथमच माझ्यावर घरातली हवा आली. मुंगी म्हणाली, “अय्या, आरसा!” आणि तिने जवळून बघायला तोंड खाली आणलं. तिचा गरम श्वास माझ्यावर बसला. माझ्यासारखीला यालाच मरण म्हणतात. मरण असं येईल, हिच्या श्वासाने येईल, हे त्या पांढऱ्या कपड्यांच्या खोलीत कुणी सांगितलं नव्हतं.

बाबाने दांडी मोडून काढली. लोहचुंबक फ्रिजला लागलं. तबकडी मुंगीला मिळाली. आई तेव्हा कुठे होती? नळ पुन्हा सुरू झाला होता. बराच वेळ सुरू होता.

त्यानंतर थंडीत मुंगीचा खोकला परत आला. या वेळी तिला दवाखान्यातच नेलं. काय झालं ते मला नंतर दोघांच्या बोलण्यातून कळलं. डॉक्टरीणबाईंनी पाठीला नळी लावून ऐकलं आणि सहज विचारलं, “अगदी तान्ही असताना झोपेत असाच शिट्टीसारखा आवाज यायचा का हिला?” आणि आई एकदम बोलून गेली, “हो! माझ्याकडे आहे. दोन वर्षांचं आहे.”

नवऱ्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

घरी आल्या आल्या ती कॉम्प्युटरशी बसली. सवतीने सगळं झटपट उघडून दाखवलं: कामाच्या फाइली, फोटो, ‘असू दे’. प्रिंटरचं फोल्डर नव्हतंच. ती शोधत राहिली. नसलेली गोष्ट सवत किती वेगाने नाही म्हणते! मी निदान चक्र तरी फिरवलं असतं. तेवढा वेळ तरी तिला आशा राहिली असती.

“मला का नाही सांगितलंस?” नवरा म्हणाला. “विचारलं होतं तुला. दोनदा.”

“एकदा भावजींनी विचारलं. त्यांच्यासमोर कसं सांगू?”

“आणि दुसऱ्यांदा?”

तिने ‘असू दे’ची खिडकी बंद केली. मग म्हणाली, “दुसऱ्यांदा मला वाटलं, जाऊ दे एकदाचं. ती बाई नको होती मला. पाळण्याशी वाकून बसलेली.”

“मी हसलो नसतो गं.”

“हसला असतास. थोडं.”

“थोडं,” त्याने कबूल केलं.

भावजींना फोन लावला. त्यांचा आवाज मोठा असल्यामुळे डब्यापर्यंत आला. “उघडली? तबकडी मुंगीकडे खेळायला? मग वहिनी, विसरा. आहे सगळं त्यातच, पण आता जगात कुणाला वाचता येणार नाही.” आहे सगळं त्यातच. एवढं तरी एकाने कबूल केलं. डॉक्टरीणबाईंनी औषध बदलून दिलं, जुन्या आवाजावाचून काही अडलं नाही, मुंगीला उतारही पडला. अडलं ते आईचं. ती त्यानंतर काही दिवस मुद्रितं तपासताना उगीच कानाला हात लावायची.

काल दुपारी ती खेळण्यांच्या डब्याशी आली. मुंगी मला हातात धरून बसली होती. तिचा रोजचा खेळ: तोंडाचा चंबू करून माझ्यावर ‘हा’ करायचं, वाफ धरली की बोटाने एक तोंड काढायचं, ते विरलं की परत ‘हा’.

“दे बघू,” आई म्हणाली.

तिने मला कडेने, जपून धरलं. आता जपून. आणि कानाला लावलं.

मी काय करू? माझ्यापाशी दांडी नाही, मोटर नाही, वीज नाही. सगळे श्वास इथेच आहेत, पहिल्या भेदरलेल्या दुपारपासून त्या शेवटच्या हसण्यापर्यंत. तिच्या कानाला टेकून आहेत. आणि मला एकही देता येत नाही.

“काय ऐकतेस?” मुंगीने विचारलं.

“तुला.”

“पण मी तर इथे आहे!”

आई तिच्याकडे बघत राहिली. मग हसली. तेच हसणं, फोन पडला होता त्या दिवसाचं, हुबेहूब. ते माझ्याकडे आहे हे तिला आठवलंही नसेल. तिने मुंगीला जवळ ओढलं, तिच्या पाठीला कान लावला आणि मला न बघताच डब्यात टाकलं. किटलीवर आपटले मी. अस्वलाने विचारलंसुद्धा, लागलं का म्हणून.

तिला माफ करायला हवं, हे मला कळतं. जमत नाही. माझी दांडी मोडली, अंग उघडं पडलं, त्याचं काही नाही. वय झालं होतं. पण ‘काही राहिलंय का’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हे उत्तर मी तिच्या तोंडून ऐकलंय. तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी कुरकुरत असेल, तर तिला काढायच्या दिवशी सगळ्यांना बाहेर पाठवा. एकटे बसा. आणि तिच्यात काय लपवलं होतं ते आठवा. लाज वाटली तरी चालेल. ती कुणाला सांगणार नाही.

आता मुंगी येईल. तिची शाळा सुटली असेल. ती मला उचलेल, चंबू करेल आणि ‘हा’ करेल. वरचा श्वास तिचा, खालचेही तिचेच, आणि मधून ती बोट फिरवेल. वरचा क्षणात विरेल. खालचे तसेच राहतील. राखण करायला सांगितली होती ना मला? ती थांबवायला मला अजून कुणी सांगितलेलं नाही.